पाचवी चादर

शनिवारी संध्याकाळी आमच्या क्लबच्या ग्रुपवर कुणी चुकूनही "उद्या हवा छान आहे" असं लिहिलं, तर रविवारी सकाळी त्याला म्हैस धुवावी लागते. बादली, फडकं आणि शेडमागच्या टाकीचं गार पाणी. म्हैस म्हणजे आमचं दोन माणसांचं शिकाऊ ग्लायडर. जड, सोशिक आणि कुणालाही पाठीवर घेणारं. एकट्याने उडवायचं दुसरं हलकं ग्लायडर आहे, ते चिमणी. इंजिन दोघींनाही नाही. माळाच्या एका टोकाला जुन्या ट्रकच्या इंजिनावर चालणारं विंच आहे. ते लांबलचक दोर सर्रकन गुंडाळतं, त्या ओढीनं ग्लायडर पतंगासारखं वर चढतं, दोर सुटतो, आणि पुढे तुम्ही आणि हवा. उन्हानं तापलेली हवा कुठे वर चढत असेल, तर तिच्यात गोल गोल फिरत तुम्हीही चढायचं. तशी हवा सापडली नाही, तर सहा मिनिटांत परत खाली. मग खाली उभी असलेली मंडळी प्रेमानं विचारतात, "काय, चहा प्यायचा राहिलेला का?"

म्हैस धुण्याचा नियम टिपणीसकाकांचा. "हवेला तोंडावर चांगलं म्हटलं की ती लाडावते," असं ते अगदी गंभीरपणे सांगायचे. वीस वर्षांत त्यांच्या तोंडून हवेबद्दल एक बरा शब्द कुणी ऐकला नव्हता. आता ते मुलीकडे बडोद्याला असतात. तरी दर रविवारी सकाळी साडेनऊला ग्रुपवर त्यांच्या अंगठ्याचा फोटो येतो. बडोद्याच्या हवेचा आम्हाला काडीचा उपयोग नाही, पण नऊच्या नऊ जण तो उघडून बघतो.

हे अंगठ्याचं प्रकरण सांगायला हवं. मुकुंद टिपणीस मूळचे ठाण्याचे, लग्नानंतर डोंबिवली पूर्वेला स्थायिक झालेले. उंच, सडपातळ, पांढरा बुशशर्ट, डोक्यावर कानटोपी आणि हॅट यांच्या मधलं काहीतरी. माजिवड्याच्या एका रंगाच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत, त्यांनी एकतीस वर्षं काढली. रंग कुठल्या हवेत किती वेळात वाळतो हे बघणं, हे त्यांचं काम. निवृत्त झाले तरी हिरव्या इनॅमलची एक चपटी डबी आणि पांढरी फरशी त्यांच्या पिशवीत कायम असायची. मुरबाडच्या पुढे आमचा माळ आहे. तिथे पोचल्यावर आम्ही आकाशाकडे बघायचो, तर काका फरशीवर रंगाचा एक पट्टा ओढायचे आणि ती शेडच्या सावलीत ठेवायचे. बरोबर साडेनऊला त्यावर अंगठा दाबायचे. अंगठ्याला रंग लागला तर हवा दमट, आकाश झोपलेलं. अंगठा कोरा आला, तर ते काही न बोलता तो आमच्यासमोर धरायचे, आणि आम्ही चिमणीकडे धावत सुटायचो.

"काका, हे सायन्स आहे का?" आमच्यातला रोहन त्यांना विचारायचा. रोहन ठाण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि त्याचा पुराव्याशिवाय कशावरच विश्वास नाही.

"अरे, याच्यावर एकतीस वर्षं काढली. एका गिऱ्हाइकाचं दार चिकट राहिलं नाही."

एका शनिवारी रोहननं तीन-तीन ॲपचे नकाशे ग्रुपवर टाकले आणि खाली लिहिलं, "तिन्ही बोलतायत, उद्या हवा छान. मी लिहून देतो." काकांचं उत्तर एका मिनिटात आलं: "बादली शेडच्या डावीकडे आहे." दुसऱ्या दिवशी घाटावरून ढग उतरले ते जमिनीला टेकायचेच बाकी होते. बाकीचे आम्ही दिवसभर शेडमध्ये बसून शेंगदाणे खात होतो, आणि रोहन म्हैस धूत होता. काका खुर्ची बाहेर घेऊन बसले. मधूनच सांगायचे, "शेपटाकडे राहिलंय बघ." संध्याकाळी घरी निघताना त्यांनी आपला हिरवा अंगठा रोहनच्या डोळ्यांपुढे धरला. "मी सकाळीच सांगणार होतो, पण तुझा उत्साह मोडवेना."

मी खोपटला राहते, इन्शुरन्सच्या ऑफिसात आहे. क्लबात आले तेव्हा चौतीस वर्षांची होते आणि उंच पाळण्यात बसायलाही घाबरायचे. काकांनी मला पहिल्याच दिवशी मैदानाचं घड्याळ दिलं. शेडच्या खांबावरचं गोल घड्याळ, त्याखाली टेबल आणि वही. कोण किती वाजता वर गेलं, किती वाजता खाली आलं, ते लिहायचं. "अगं माधवी, उडायला कुणीही शिकतं. वेळ नीट लिहायला माणूस लागतो," असं म्हणाले. मी फुगले. ते वाक्य ते प्रत्येक नवीन माणसाला सांगतात, हे मला वर्षभरानं कळलं.

आता काकांच्या मोठ्या दुखण्याकडे येते. ग्लायडरवाल्यांचा जगभर मान्य असलेला एक छोटा चांदीचा बिल्ला आहे. त्याच्या तीन अटी. एकदा हजार मीटर चढायचं, एकदा पन्नास किलोमीटर जायचं, आणि एकदा सलग पाच तास हवेत राहायचं. पहिल्या दोन काकांनी केस काळे असतानाच पुऱ्या केल्या. पाच तास मात्र काही केल्या होईनात. आमच्या माळावर सकाळी साडेदहाला हवा चढायला लागते, आणि दुपारी दोन-अडीचला खाडीकडून गार वारा येतो. तो आला की खालची जमीन गार पडते, चढणारी हवा बंद होते, आणि वरची माणसं एकेक करून खाली उतरतात. साडेतीन तास, पावणेचार तास, एकदा चार तास दहा. वही काढून बघितली तर काकांचं अर्धं आयुष्य त्या वाऱ्यानं खाल्लेलं दिसतं.

त्या वाऱ्याला आम्ही विहीणबाई म्हणतो. त्यामागे एक लग्न आहे. एका रविवारी काका चिमणीतून लांब शहापूरच्या बाजूला गेले होते आणि वारा लवकर आला. माळापर्यंत परतणं शक्य नव्हतं, म्हणून त्यांनी कापणी झालेल्या एका भातखाचरात ग्लायडर उतरवलं. शेजारीच लग्नाचा मांडव. अक्षता नुकत्याच पडलेल्या. सगळं वऱ्हाड नवरानवरीला सोडून शेतात धावलं. सगळ्यांत पुढे नवऱ्या मुलाची आई, भरजरी साडी, कपाळावर मोठा मळवट.

"कोण पाव्हनं? मुलीकडलं का?" तिनं विचारलं.

"नाही. वरून आलो," काका म्हणाले.

"वरून या नायतर खालून. जेवल्याबिगर जायाचं नाय."

आम्ही ट्रेलर घेऊन दोन तासांनी पोचलो, तेव्हा काका पहिल्या पंगतीत गुलाबी फेटा बांधून बसले होते, आणि पुढ्यात बुंदीच्या लाडवांचा ढीग. "निघायचं ना?" म्हटलं की विहीणबाई पुन्हा पानात काहीतरी वाढायच्या. आम्हालाही बसवलं. पाच वाजेपर्यंत एकाला हलू दिलं नाही. परतताना काका गाडीत म्हणाले, "खाडीचा वारा अगदी असाच. एकदा आला की आपलं काही चालत नाही. बसायचं." तेव्हापासून दुपारी रेडिओवर नुसतं "विहीणबाई आल्या" एवढंच सांगतात.

आणि मग ती चार छप्पन्नची गोष्ट. त्यात माझाही हात आहे, म्हणून अजून सांगताना कानशिलं तापतात. त्या दिवशी विहीणबाई आल्याच नाहीत. कुठे अडल्या देव जाणे. काका दहा अठ्ठेचाळीसला वर गेले. मी मैदानाच्या घड्याळात बघून वेळ ओरडून सांगितली, त्यांनी ती पेनानं तळहातावर लिहिली. तीन अठ्ठेचाळीसला पाच तास. दोन वाजले, तीन वाजले, चिमणी वरच. साडेतीनला आम्ही माना वर करून उभे. आणि मग चिमणी वळली, खाली आली, अलगद टेकली. काका झाकण उघडून बाहेर आले ते हात पसरूनच. "तीन मिनिटं जास्तच बसलो! उगाच संशय नको!"

मी घड्याळाकडे बघितलं. तीन चव्वेचाळीस झाले होते.

काकांच्या मनगटावर तीन एक्कावन्न. कारखान्याची बस डोंबिवलीहून सात दहाला सुटायची. ती कधी चुकू नये म्हणून त्यांनी नोकरीच्या पहिल्या आठवड्यात घड्याळ सात मिनिटं पुढे केलं होतं. एकतीस वर्षं बस चुकली नाही. घरातलं भिंतीवरचं घड्याळही तेवढंच पुढे, काकूंचा कुकरसुद्धा सात मिनिटं आधी लागायचा. वर जाताना वेळ घेतली माझ्या घड्याळाची, आणि खाली येताना बघितलं स्वतःचं. चार तास छप्पन्न मिनिटं. आमचे मुख्य प्रशिक्षक साळवी सर पुढे झाले आणि म्हणाले, "टिपणीस, बस मात्र मिळाली असती तुम्हाला." पहिले हसले ते काकाच. पण नंतर बराच वेळ ते चिमणीच्या पंखावर हात ठेवून उभे होते. तेव्हा मला रडू आलं, ते मी शेडमागे जाऊन रडून घेतलं.

घड्याळ मात्र त्यांनी मागे केलं नाही. "त्याचं काय चुकलं? चुकलो मी," असा त्यांचा न्याय.

त्यानंतर काकांनी वर जाताना मनगट मोकळं ठेवायचं ठरवलं. वेळ जमिनीवरून कळवायची. रेडिओ ऐन वेळी खरखरतो, म्हणून चादरी. एक तास झाला की धावपट्टीच्या कडेला एक पांढरी चादर अंथरायची, दोन तासांना दुसरी. वरून माणसाला नुसतं मोजता यावं. चादरी काकूंनी दिल्या, जुन्या, मऊ, पाच. सोबत त्यांचं म्हणणंही दिलं, "घरी यांना पाच मिनिटं एका जागी बसवत नाही, आणि पाच तास हवेत बसायचंय. चार चादरी मशीनमध्ये टाकीन. पाचवी मळवून आणलीत, तर ती मी स्वतः हातानं धुवीन."

दर रविवारी पत्रीपुलाशी आम्ही काकांना गाडीत घ्यायचो, तेव्हा त्यांच्या मांडीवर ती कापडी पिशवी असायची. सहा वर्षं. कधी दोन चादरी मळायच्या, कधी तीन, एकदा चार. पाचवी मात्र इस्त्रीच्या घडीसकट परत जायची. पुढे पुढे तिच्या घडीवर पिवळी रेघ पडली.

गेल्या वर्षी जानेवारीत काकांच्या वैद्यकीय तपासणीत हृदयाच्या ठोक्यात काहीतरी गडबड निघाली. डॉक्टरांनी मार्चअखेरपर्यंतच परवानगी दिली. त्यानंतर एकट्यानं उडणं बंद, म्हशीत कुणाच्या तरी सोबतीनं बसता येईल तेवढंच. काकांनी हे गाडीत सांगितलं, पेपरातली बातमी सांगावी तसं. मग पिशवी घट्ट धरून बाहेर बघत राहिले. सत्याहत्तर वर्षांच्या माणसाला अजून काहीतरी इतकं हवं असतं, हे बघून मला त्यांचा हेवाच वाटला.

आणि हवा? हवेनं सूड उगवायचा ठरवला असावा. एका रविवारी ढग. एका रविवारी धुरकट, समोरचा डोंगर दिसेना. एका रविवारी सकाळपासूनच विहीणबाई मुक्कामाला. दर वेळी काकांचा अंगठा हिरवा. मार्चचा शेवटचा एकच रविवार उरला. आदल्या संध्याकाळी ग्रुपवर एकाही माणसानं एक अक्षर लिहिलं नाही. रोहननं तर ॲप उघडलंसुद्धा नाही, असं त्यानं शपथेवर सांगितलं.

साडेनऊला काकांनी फरशीवर अंगठा दाबला. उचलला. बघितला. आमच्यापुढे धरला.

कोरा!

दहा छत्तीसला चिमणी वर गेली. विंचवर भोईर होता. त्याचं विठ्ठलवाडीला गॅरेज आहे, आणि विंचचं इंजिन त्याच्याखेरीज कुणाचं ऐकत नाही. त्या दिवशी तो दोर असा ओढत होता की जणू काचेचं भांडं उचलतोय. काका चढत गेले आणि घारींमध्ये मिसळून दिसेनासे झाले. अकरा छत्तीसला मी पहिली चादर अंथरली. मग दुसरी. मग तिसरी. कुणी जेवलं नाही. साळवी सर धावपट्टीच्या कडेला त्याच त्याच फेऱ्या मारत होते. दोन छत्तीसला चौथी चादर टाकली, आणि मी कमरेवर हात ठेवून वळते, तोच भोईर विंचवर उभा राहून ओरडला.

"आयली! आयली रं! विहीनबाय आयली!"

पश्चिमेकडे टिटवाळ्याच्या दिशेला जमिनीलगत धुरकट पट्टा सरकत येत होता. अजून तास बाकी होता. पूर्ण एक तास! रोहननं रेडिओ उचलला.

"काका, विहीणबाई आल्यात. डोंगराकडे पळा, तिथे थोडा वेळ मिळेल."

खरखर झाली. मग काकांचा आवाज आला, एकदम शांत. "दिसतायत. वीस वर्षं पळतोय रे. विहिणीला सामोरं जायचं असतं."

"काका, काय करताय?"

"घारी बघ कुठे आहेत."

आम्ही बघितलं. त्या धुरकट पट्ट्याच्या अगदी पुढच्या कडेवर घारींची एक रांग होती, आणि एकही पंख हलवत नव्हती. गार वारा जमिनीलगत घुसत येत होता आणि आपल्या पुढ्यातली सगळी तापलेली हवा वर ढकलत होता. चिमणी डोंगराकडे गेलीच नाही. ती सरळ वाऱ्याच्या तोंडावर गेली. एक क्षण ती खाली बसली असं वाटलं, साळवी सर "अरे अरे" म्हणाले, आणि मग ती चढायला लागली. काय चढली! वारा पुढे सरकेल तशी ती त्याच्या कडेवर बसून आमच्या डोक्यावर आली, आणि विहीणबाईंनी तिला वर धरून ठेवलं. ज्या वाऱ्यानं वीस वर्षं हा माणूस खाली उतरवला, त्याच वाऱ्यावर तो बसला होता. आम्ही वेड्यासारखे उड्या मारत होतो. साळवी सर रोहनच्या पाठीत गुद्दे घालत होते.

तीन छत्तीस झाले. मी तीन फोनमध्ये वेळ बघितली आणि तरी हिंमत होईना. दोन मिनिटं तशीच जाऊ दिली. मग पाचवी चादर उलगडली. ती घडीला चिकटली होती, सोडवावी लागली. एक टोक भोईरनं धरलं, एक मी. वारा आता जमिनीवर जोरात होता. चादर उडेल म्हणून भोईर बूट घालूनच तिच्या कोपऱ्यावर उभा राहिला.

रेडिओ खरखरला. "माधवी."

"हां काका."

"घड्याळ कुणाचं?"

"मैदानाचं, काका. आणि तीन फोनचं. आणि वर दोन मिनिटं माझी."

चिमणीनं डावा पंख हलवला, मग उजवा. आणि मग वीस वर्षांत कुणी न ऐकलेलं ते वाक्य आलं.

"आज हवा छान आहे."

"म्हैस!" रोहन किंचाळला. "काका, म्हैस!" आणि मग सगळा माळ ओरडायला लागला, साळवी सर, भोईर, मी, सगळे आकाशाकडे हात करून, "म्हैस! म्हैस! म्हैस!" मला हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि दोन्ही थांबवायची इच्छा नव्हती.

काका लगेच उतरले नाहीत. आणखी अर्धा तास वरच राहिले. कुणी "या" म्हटलं नाही. उतरल्यावर आधी कानटोपी नीट केली आणि बादली कुठे आहे विचारलं. म्हैस त्यांनी एकट्यानं धुतली. साळवी सरांना फक्त पाणी आणून द्यायची परवानगी मिळाली. रोहन खुर्ची बाहेर घेऊन बसला होता. "काका, शेपटाकडे राहिलंय," तो म्हणाला.

मे महिन्यात काका-काकू बडोद्याला गेले. पण मला काका आठवतात ते त्या संध्याकाळचे, डोंबिवलीच्या त्यांच्या गल्लीतले. तिसऱ्या मजल्यावर गॅलरीत काकू उभ्या होत्या. काकांनी खाली उतरून पिशवीतल्या चार चादरी रोहनच्या गाडीच्या बॉनेटवर ठेवल्या, आणि पाचवी काढून रस्त्याच्या मधोमध दोन्ही हातांनी उंच उलगडून धरली. लाल मातीनं माखलेली, एका कोपऱ्यावर भोईरच्या बुटाचा अख्खा ठसा. मागे रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. काकू गॅलरीच्या कठड्यावरून वाकल्या. पदरानं डोळे टिपले, आणि मग त्यांनी वरून हाक दिली.

"आणा वर! भिजवायला पाणी काढते!"

"नको गं!" काका खालून ओरडले. "ही नाही धुवायची!"

मी दुसरं टोक धरायला पुढे झाले. माती आतल्या बाजूला राहील अशी आम्ही तिची घडी घातली, आणि काका ती दोन्ही हातांवर आडवी धरून, एक कण सांडू न देता, जिना चढू लागले.